पड मोडताना जुना ट्रॅक्टर

पाच-सात वर्षं पड राहिलेलं रान मोडायचं ठरलं की हल्ली पहिला फोन रोटावेटरवाल्याला जातो. तो येतो, सकाळच्या सकाळी रान भुसभुशीत करून देतो, आणि गवत गेलं म्हणून मालकही समाधानाने भाडं मोजतो. मृगाचा पाऊस झाला की पंधरवड्यात तेच रान आधीपेक्षा दाट हिरवं होतं. कारण साधं आहे. हरळी बियांपेक्षा जमिनीखालच्या काशांवर जास्त जगते आणि काशीच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो. रोटावेटरने एका काशीचे दहा-वीस तुकडे केले, ते रानभर सारखे पसरले आणि वर मऊ माती ओढली. ऊस लावताना बेण्याचं आपण याहून वेगळं काय करतो?

लव्हाळ्याची तऱ्हाही तीच. त्याच्या मुळांवर काळपट गाठी असतात, एकीला दुसरी जोडलेली. वरचं पातं उपटलं तर गाठ खालीच राहते, आणि गाठींची साखळी तोडली तर झोपलेल्या गाठीही जाग्या होतात. कुंदा या दोघांच्या वरताण. काळ्या, खोल जमिनीत त्याच्या काशा हातभर आणि त्याहून खोल उतरतात. लाकडी नांगराने त्याला फक्त खाजवल्यासारखं व्हायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी त्याच्यापासून लांब राहिले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. नंतर त्याच शेतकऱ्यांनी तो डोक्यावर घेतला, यामागे कुंदा-हरळीचा हात किती मोठा होता, याची आठवण मात्र कुणी काढत नाही. लाकडी नांगर माती चिरतो. लोखंडी नांगर ती उलटी करतो. जड रानात अशा नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत, आणि ते पदरी नसणाऱ्याचं रान पडच राहायचं.

पड रानाचा प्रश्न एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेला की काय करावं लागतं, याचं स्वतंत्र भारतातलं पहिलं मोठं उदाहरण मध्य भारतातलं आहे. बुंदेलखंड, भोपाळ आणि आसपासच्या काळ्या जमिनी कांस गवताने गिळल्या होत्या. शरदात पांढऱ्या तुऱ्यांनी डोळे निवणारं हे गवत, पण शेतीच्या दृष्टीने काळ. ते काढण्यासाठी केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. सुरुवात झाली ती अमेरिकन सैन्याने महायुद्धानंतर मागे टाकलेल्या साखळीपट्ट्यांच्या ट्रॅक्टरांवर. पुढे १९४९च्या सप्टेंबरमध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. रेल्वेच्या कर्जापाठोपाठ या बँकेकडून आलेलं हे आपलं दुसरंच कर्ज, आणि ते मुख्यतः एका गवताशी लढण्यासाठी होतं! त्या मोहिमेचं तंत्र आजही बदललेलं नाही: कोरड्या हंगामात खोल नांगरट, मुळं वर काढणं आणि पुढचं काम उन्हावर सोडणं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पड मोडण्यात ट्रॅक्टरचं काम अर्धंच असतं. मुळं उन्हात आणून टाकली की त्याचं काम झालं. तण मारतं ते ऊन. हे एकदा मान्य केलं की ताकदीची आणि वेगाची हाव कमी होते, आणि गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभा असलेला पस्तीस अश्वशक्तीचा म्हातारा ट्रॅक्टर अगदी कामाचा वाटू लागतो.

हे म्हातारे कोणते? महाराष्ट्रात त्यातला सर्वात ओळखीचा बी-२७५. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचं हे मॉडेल. त्या कंपनीबरोबर महिंद्रा आणि व्होल्टास यांनी १९६३मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला तो बनू लागला. चार सिलिंडर, साधारण पस्तीस अश्वशक्ती. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन आणला, त्याच्या पोटात पर्किन्सचं तीन सिलिंडरी इंजिन. हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीने चेक झेटरच्या धर्तीवर २५११ काढला. तो कारखाना आता बंद झाला, ट्रॅक्टर मात्र अजून राबताहेत. फरिदाबादचा आयशर तर १९५९पासूनचा, हवेवर थंड होणारा. या सगळ्यांत इलेक्ट्रॉनिक असं काही नाही. डिझेल पंप यांत्रिक, नोझल यांत्रिक. टाकीत स्वच्छ डिझेल आणि लाइनीत हवा नाही एवढं सांभाळलं तर तालुक्याच्या गावचा कुठलाही मिस्त्री तो चालू करून देतो. वर्षानुवर्षं उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीत तळाला गंज आणि पाणी साचलेलं असतं, म्हणून आधी टाकी धुवायची, फिल्टर बदलायचे आणि मगच सेल्फ मारायचा. घाईत उलटा क्रम धरणारे पंपाचं काम काढून बसतात.

पस्तीस अश्वशक्तीत भागतं का, हे हिशेबाने पाहू. जड मातीत फाळाला दर चौरस सेंटिमीटरमागे पाऊण किलोच्या आसपास ओढ लागते असं धरा. एक फाळ तीस सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल चालला, तर सहाशे चौरस सेंटिमीटर माती, म्हणजे साडेचारशे किलोची ओढ. दोन फाळांना नऊशे किलो. ताशी चार किलोमीटर वेगाने ही ओढ सांभाळायला तेरा-एक अश्वशक्ती पुरते. इंजिनाची सगळी ताकद मातीपर्यंत पोचत नाही, भुसभुशीत रानात तर जेमतेम निम्मी पोचते. तरी दोन फाळी नांगर निघतो. पण हा हिशेब वहिवाटीच्या रानाचा. काशांचं जाळं आणि वर्षानुवर्षं न हललेली घट्ट माती असली की ओढ कितीतरी वाढते. अशा वेळी शहाणा माणूस एक फाळ काढून ठेवतो. एकराला दोन-सव्वादोन तास लागायचे तिथे चार-साडेचार लागतील, पण खोली राखता येईल. खोली सोडून वेग धरला की हरळी वरच्या वर कापली जाते, आणि मग रोटावेटरने काय वाईट केलं होतं?

मागची चाकं जागीच फिरू लागली तर टायरमध्ये पाणी भरतात. व्हॉल्व्ह वर करून, तो असतो त्या पातळीपर्यंत, म्हणजे पाऊण टायर. वजन वाढतं, पकड येते. फुकटात होणारं हे काम आहे. बाभळीच्या काट्याने टायर बसला तर मात्र पाणी काढण्यापासून सगळी कसरत आली.

या ट्रॅक्टरांच्या मागे जे तीन टेकू दिसतात, खाली दोन दांडे आणि वर मधोमध एक टॉप लिंक, त्यांच्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवं. कारण पड रानात ट्रॅक्टर उलटणं आणि न उलटणं बऱ्याच वेळा याच रचनेवर ठरतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनवर सरकारी ट्रॅक्टरांची देखरेख आली. ट्रॅक्टर आणि नांगर यांची मोट किती वाईट बांधलेली असते, हे त्याने शेतोशेत हिंडून पाहिलं. तेव्हा बैलाच्या जागी ट्रॅक्टर जुंपावा तसा नांगर साखळीने मागे ओढत. फाळ एखाद्या मुळात किंवा दगडात अडकला की ट्रॅक्टरची मागची चाकं थांबत, इंजिन थांबत नसे. चाकाला फिरवण्याचा जितका जोर जमिनीकडे जातो, तितकाच उलट्या दिशेचा जोर ट्रॅक्टरच्या धडावर येत असतो. चाक मोकळं असेपर्यंत तो जाणवत नाही. चाक अडलं की इंजिन धडच फिरवू लागतं. नाक वर उठतं आणि ट्रॅक्टर चालकावर मागे पालथा पडतो. त्या काळचा गाजलेला फोर्डसन याबाबत चांगलाच बदनाम होता.

फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून त्याचाच अवयव केला. फाळाला मातीने मागे ओढलं की नांगराचं डोकं पुढे कलू पाहतं. ते टॉप लिंकमधून ट्रॅक्टरला पुढे रेटतं, म्हणजे जो अडथळा पूर्वी नाक वर उचलायचा तोच आता ते खाली दाबतो. याच्या पुढची करामत हायड्रोलिकची. टॉप लिंकवरचा दाब एका स्प्रिंगवर येतो, स्प्रिंग हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह हलवते. ओढ वाढली की नांगर आपणहून दोन-चार बोटं वर उचलला जातो, त्याचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि अडलेलं चाक पुन्हा माती पकडतं. ओढ कमी झाली की नांगर पुन्हा खाली. कोव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनलेले त्याचे टीई-२० जातीचे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक निघाले. टनाच्या थोडं वर वजन असलेलं ते लहानखुरं यंत्र एवढं काम का करी, याचं उत्तर या तीन दांड्यांत आहे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरीने १९५८च्या जानेवारीत दक्षिण ध्रुव गाठला तोही हेच ट्रॅक्टर घेऊन, साखळीपट्टे चढवून. आपल्या गोठ्यामागचा मॅसी त्याच घराण्यातला. आज जगातल्या जवळजवळ सगळ्या ट्रॅक्टरांमागे हेच तीन टेकू असतात.

मात्र पड रानात हा शहाणपणा थोडा आवरावा लागतो. ओढीवर चालणारा दांडा फार हळवा ठेवला, तर कुंद्याचा प्रत्येक झुबका लागला की नांगर वर येतो आणि जिथे खोल जायला हवं नेमकं तिथेच उथळ तास पडतं. दांडा जरा बोथट ठेवायचा आणि पहिल्या गिअरात, इंजिनाचा आवाज ऐकत चालायचं. फाळाच्या पायाला जो एक बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला असतो, त्याच्या जागी 'मजबूत' बोल्ट टाकण्याचा मोह अनेकांना होतो. मग मूळ लागलं की बोल्टऐवजी नांगराचा पाय वाकतो.

नांगर कोणता, यावर शेतकऱ्यांत कायम वाद. बांध-बुंधे, दगड आणि जाड मुळं असलेल्या रानात तव्यांचा नांगर सरस, कारण तवा अडथळ्यावरून लोळत पुढे जातो. निव्वळ हरळी-कुंद्याच्या स्वच्छ काळ्या रानात पलटी नांगरासारखा दुसरा नाही. तो ढेकूळ पुरतं उलटं करतो आणि काशांची जाळी आकाशाकडे तोंड करून पडते.

बुंधे ओढण्याच्या नादात सर्वाधिक अपघात होतात. फर्ग्युसनची सारी युक्ती नांगर तीन ठिकाणी जोडलेला असेल तरच. साखळी टॉप लिंकच्या जागेला किंवा थेट मागच्या धुऱ्याला अडकवली की आपण पुन्हा १९१७ सालात गेलो. साखळी कायम खालच्या ड्रॉबारला, धुऱ्याच्या पातळीच्या खाली. नाक उचलल्यापासून ट्रॅक्टर पालथा पडायला दीड-एक सेकंद पुरतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत खेळ संपलेला असतो. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना चालकाच्या संरक्षणाची चौकट सक्तीची केली. आपल्याकडच्या या जुन्या ट्रॅक्टरांना वर असतं ते फार तर उन्हासाठीचं पत्र्याचं छत, आणि ते उलटताना कुणालाही वाचवत नाही. चौकट बसवून घ्यावी, नाही तर मोठे बुंधे कुदळ-पहारीने आजूबाजूची माती मोकळी करून, मुळं तोडून काढावेत. वेड्या बाभळीला तर ओढण्यापेक्षा खोदणंच योग्य. जमिनीलगत तोडली तर एकाच्या जागी आठ फांद्या फुटतात. मातीखाली वीतभर, मुळाच्या डोक्याच्या खाली तोडली तरच ती पुन्हा उठत नाही. परवानगीशिवाय काय तोडता येत नाही, हेही आधी विचारून घ्यावं. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरच्याही काही झाडांना १९६४चा वृक्षतोड कायदा लागू आहे.

ट्रॅक्टर रानात घालण्याआधी रान पायी फिरून घेणं हे इतकं उघड काम आहे की तेच राहून जातं. आपल्याकडे बिनकठड्याच्या जुन्या विहिरी जमिनीच्या पातळीला असतात. काठावर रुई, घाणेरी माजली की विहीर दिसतच नाही, आणि काठाचा दगड ट्रॅक्टरच्या वजनाने सुटतो. जुन्या पाइपलाइनी, तुटलेल्या कुंपणाची तार, बांधातून निसटलेले धोंडे, सगळं काठीने चाचपत जायचं आणि जागोजागी चुन्याने किंवा फडक्याने खुणा करायच्या. पायात जाड बूट हवेत. घोणस आणि फुरसं दोन्ही अशाच रानात असतात. मोठ्या झाडावर आग्यामोहोळ असेल तर त्याच्याखाली इंजिनाचा आवाज नको. हे फिरणं गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला सोबत घेऊन करावं. विहीर कुठे होती आणि पूर्वी पाण्याचा ओघळ कुठून जात असे, हे सातबाऱ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

वरचं गवत आणि झुडपं आधी काढायची. कोयता आणि पाठीवरचा ब्रश कटर बहुतेक काम करतात. ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्याचं कापणी यंत्र लावायचं असेल तर जुन्या ट्रॅक्टरांतली एक खोड माहीत हवी. इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. एकाच क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरांत हा दांडा आणि चाकं एकाच गिअरपेटीला बांधलेली असतात. समोर विहीर दिसली, क्लच दाबला, तरी जड पातं फिरतच राहतं आणि उलट गिअरपेटीतून चाकांना पुढे ढकलतं. ट्रॅक्टर थांबायला तयार नसतो. यावर उपाय म्हणजे दांड्यावर एकाच दिशेने जोर पुढे देणारा कपलर बसवणं. आणि पातं असो वा नसो, फिरत्या दांड्यापाशी उपरणं, साडीचा पदर, सैल बाही नको. सेकंदाला नऊ फेरे घेणारा दांडा कापड सोडवायला उसंत देत नाही.

काँग्रेस गवत माजलेलं असेल तर ते फुलोऱ्याच्या आत उपटायला हवं. पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेला आलेलं हे तण एका झाडामागे हजारो बिया टाकतं आणि कित्येकांच्या अंगाला खाज सुटते ती वेगळीच. वाळलेल्या गवतात काम करताना दर तासाला थांबून रेडिएटरची जाळी झाडायची, नाहीतर तुसांनी ती भरते आणि पाणी उकळतं. आयशरला रेडिएटरच नाही, पण त्याच्या पंख्यात तुसं जातातच. सायलेन्सरपाशी वाळकं गवत साचू देऊ नये. काही जण सगळ्या रानाला काडीच लावतात. वरचं जळतं, बांधावरची झाडं होरपळतात, शेजाऱ्याचा गहू पेटतो. मातीखालच्या काशांना मात्र धगही लागत नाही.

आता वेळेबद्दल, कारण खरी चूक तिथे होते. एप्रिल-मेच्या उन्हाचा उपयोग करायचा म्हणजे एप्रिल-मेमध्ये नांगरायचं, असा अर्थ लोक काढतात. तोवर काळी जमीन दगड झालेली असते. फाळ घुसत नाही, घुसला तर उंबरठ्याएवढी ढेकळं निघतात आणि जुना ट्रॅक्टर धापा टाकतो. पावसानंतर ओल उतरत असताना, जमीन हाताला लागेल पण फाळाला चिकटणार नाही अशा वेळी पहिली नांगरट करावी. जास्तीत जास्त फेब्रुवारीपर्यंत, जमीन भेगाळण्याआधी. मग उन्हाचे महिने पुढे सगळे शिल्लक राहतात. ओल्या रानात तर मुळीच शिरू नये. चाकाखाली माती थापली जाते आणि नांगराच्या तळाशी कडक थर बसतो, जो पुढे कित्येक पिकं मुळांना अडवतो.

नांगरट झाली की ढेकळं तशीच राहू द्यावीत. ती फोडण्याची घाई करणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. ढेकूळ मोठं असलं की आतल्या काशीला खालून ओल मिळत नाही आणि चारी बाजूंनी ऊन लागतं. दख्खनच्या उन्हाळ्यात उघड्या मातीचा वरचा थर पन्नास अंशांच्या पुढे तापतो. लव्हाळ्याच्या गाठीही अशा कोरड्या ढेकळांत सुरकुततात. एप्रिलमध्ये आडवी पाळी, मग फणांच्या कुळवाने काशा वर ओढून काढायच्या आणि वेचायच्या. वेचणीची मजुरी बहुधा डिझेलपेक्षा जास्त होते, आणि नेमका हाच खर्च लोक वाचवायला बघतात. वेचलेल्या काशा बांधावर ओतायच्या नाहीत. पुरत्या वाळल्याशिवाय खड्ड्यातही नाही, कारण खतातून त्या पुन्हा रानात येतात.

उताराच्या, मुरमाड रानाला हे सगळं लागू करू नये. तिथली वीतभर माती गवतानेच धरून ठेवलेली असते. नांगरलीच तर उताराला आडवी, आणि माळरानाचा गवताळ तुकडा पडच ठेवण्यात बहुतेकदा फायदा असतो: चारा मिळतो, माती राहते.

पहिल्या पावसाळ्यात पीक कोणतं घ्यावं? वाळकं गवत मोठ्या प्रमाणात मातीत गेलेलं असेल, तर ते कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःसाठी वापरतात आणि ज्वारी-मक्यासारखं पीक पिवळं पडतं. म्हणून ताग पेरावा. तो दाट उगवतो, सावलीने हरळी दाबतो, स्वतःचा नत्र स्वतः आणतो, आणि फुलावर येताच गाडला की रब्बीला रान तयार. हरळीला सावली सोसत नाही, तिचा हा एकच अशक्तपणा आहे.

दोन वर्षं तरी डोळा ठेवावा लागतो, विशेषतः बांधालगत. तिथे ट्रॅक्टर वळतो, नांगर उचललेला असतो, त्यामुळे दोन-तीन हात रुंदीची पट्टी चारी बाजूंनी न नांगरलेली राहते. हरळी पुन्हा रानात उतरते ती इथूनच. ही पट्टी कुदळीने खणून काढावी लागते, आणि त्यासाठी अजून कुठल्याही अश्वशक्तीचा ट्रॅक्टर निघालेला नाही.